ठरवून दिलेले आकडे

मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं ग्रंथालय सट्ट्याच्या पैशातून उभं राहिलं, हे तिथे बसून अर्थशास्त्र वाचणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. प्रेमचंद रायचंद यांनी आधी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मग आई राजाबाईंच्या नावानं मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. साल १८६४. अमेरिकेत यादवी चालू होती, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळत नव्हता आणि मुंबईच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. त्या पैशावर रोज नवी बँक, नवी कंपनी, समुद्र हटवून जमीन काढणारी नवी योजना निघत होती. पुढच्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, १ जुलैला वायद्यांची फेड आली आणि शहरातली बडी बडी नावं बुडाली. त्यात प्रेमचंदही होते. टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. तोवर १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटनाही बांधून घेतली होती. तोच आजचा मुंबई शेअर बाजार.

त्या ग्रंथालयाच्या कपाटात पोर्टफोलिओ मॅनेजमेंटचं पाठ्यपुस्तक लागायला मात्र शंभर वर्षं जावी लागली. मी तिथे वहीत भाव उतरवत बसायची, तो काळ गिरणी संपाचा. एमएमएसला प्रवेश घेतला १९८२ च्या पावसाळ्यात. दत्ता सामंतांचा संप जानेवारीत सुरू झालेला. आमच्या गिरगावच्या चाळीतून दोन घरं तेवढ्यात गावी निघून गेली होती. आणि मी, चाळीतली पहिलीच मॅनेजमेंट शिकणारी मुलगी, गिरण्यांच्या शेअरांचा बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो त्याचं माप, काढत होते. आई विचारायची, "त्या गिरण्या बंद आहेत ना, मग त्यांचा हिशेब कसला मांडतेस?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विषयाचं पूर्ण नाव सिक्युरिटी अॅनालिसिस अँड पोर्टफोलिओ मॅनेजमेंट. मुलं आता 'सॅपम' म्हणतात. पुस्तक फिशर आणि जॉर्डन यांचं, प्रेन्टिस-हॉलची स्वस्त भारतीय आवृत्ती. सरांनी काम दिलं ते असं: पाच कंपन्या घ्या, पाच वर्षांचे महिनाअखेरचे भाव वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींतून उतरवा, कॅल्क्युलेटरवर परतावा काढा, निर्देशांकाशी ताडून पाहा. निर्देशांक म्हणजे सेन्सेक्स नव्हे. तो १९८६ च्या जानेवारीत आला, १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून. आमच्या वेळी रिझर्व्ह बँकेच्या बुलेटिनमधला किंवा अर्थविषयक दैनिकांचा निर्देशांक घ्यायचा. काही शेअर दहा रुपयांचे, काही शंभराचे. मधेच कंपनीनं एकास एक बोनस दिलेला असे, भाव रातोरात निम्म्यावर आलेला असे, आणि बोनसची बातमी दुसऱ्याच कुठल्या पानावर. ती सापडली नाही तर वहीत उणे पन्नास टक्के लिहिलं जाई. पंधरा दिवस धूळ खाल्ल्यावर हातात यायचा एक दशांश अपूर्णांक.

या विषयाचा इतिहास वर्गात सूत्रांचा म्हणून शिकवला जातो. मीही पुढे बरीच वर्षं हाच विषय शिकवला, आणि जसजशी शिकवत गेले तसतसं वाटू लागलं की मुंबईपुरता तरी हा इतिहास आकडे कुठून आले याचा आहे. सूत्र मानतं की आकडा बाजारात घडतो, हजार माणसांच्या ओढाताणीतून. आमच्याकडे बहुतेक आकडे कुणीतरी ठरवून दिलेले होते.

आधी तिकडची, अमेरिकेतली गोष्ट. बेंजामिन ग्रॅहम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१४ मध्ये पदवीधर झाले. त्याच्या आदल्या वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर तिथेच पदव्युत्तर शिक्षणाला दाखल झाले होते. ग्रॅहम वॉल स्ट्रीटवर गेले आणि १९२८ पासून कोलंबियात संध्याकाळचा वर्ग घेऊ लागले. त्या वर्गात टिपणं काढणारे डेव्हिड डॉड यांच्यासोबत १९३४ मध्ये 'सिक्युरिटी अॅनालिसिस' आलं. आंबेडकर मुंबईला परतले, बडोद्याची नोकरी सोडावी लागली, आणि त्यांनी शेअर व्यवहारांबाबत सल्ला देणारी कचेरी काढली. धनंजय कीरांच्या चरित्रात हे आहे. सल्ला देणारा कोण, कुठल्या जातीचा, हे कळलं तशी गिऱ्हाइकं येईनाशी झाली. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज १९१३ चं, आपल्याकडच्या पदवी पातळीवरच्या वाणिज्य शिक्षणाची सुरुवातच तिथली. कोलंबियात शिकलेल्या अर्थतज्ज्ञानं मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला द्यायची तयारी दाखवली होती, ग्रॅहमच्या वर्गाच्या दहा वर्षं आधी, आणि शहरानं तो नाकारला. या विषयाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत मला ही गोष्ट कुठे सापडली नाही. मी पहिल्या तासाला ती सांगते. वर्ग जरा अस्वस्थ होतो. होऊ दे.

ग्रॅहम एकेक कंपनी तपासायला शिकवत. सगळे शेअर मिळून काय होतं, हा प्रश्न शिकागोच्या एका विद्यार्थ्याचा. हॅरी मार्कोविट्झ पीएचडीचा विषय ठरवण्यासाठी आपल्या मार्गदर्शकाच्या दाराशी थांबले होते. तिथे बसलेल्या एका शेअर दलालानं सुचवलं, बाजारावर का करत नाही? मार्गदर्शकांनी वाचनाची यादी घ्यायला बिझनेस स्कूलमध्ये पाठवलं. यादीत जॉन बर विल्यम्स यांचं १९३८ चं पुस्तक होतं. ग्रंथालयात ते वाचताना मार्कोविट्झना खटकलं ते एवढंच: फक्त अपेक्षित परतावाच पाहायचा असेल तर सगळा पैसा एकाच, सर्वोत्तम शेअरात घालावा, पण शहाणी माणसं तसं करत नाहीत. का? कारण त्यांना धोकाही दिसतो, आणि दोन शेअर एकत्र वर-खाली होतात की वेगवेगळे, यावर एकूण धोका ठरतो. १९५२ च्या मार्चमध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये लेख आला. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी हे अर्थशास्त्रच नव्हे असा पेच टाकला होता. पदवी मिळाली, नोबेल १९९० मध्ये, मर्टन मिलर आणि विल्यम शार्प यांच्यासोबत.

गणित सुंदर, पण करणार कोण? शंभर शेअर असतील तर प्रत्येक जोडीचा कोव्हेरियन्स लागतो, म्हणजे ४,९५० आकडे. शार्प यांनी १९६३ मध्ये तोड काढली: प्रत्येक शेअर दुसऱ्या प्रत्येकाशी ताडण्याऐवजी एका निर्देशांकाशी ताडा. शंभर शेअरांना ३०२ आकडे पुरतात. आयबीएम ७०९० यंत्रावर मूळ पद्धतीला ३३ मिनिटं लागत होती, नव्या पद्धतीला ३० सेकंद. आम्ही वहीत जो बीटा काढत होतो तो यंत्राचा वेळ वाचवण्याच्या या खटपटीतून आला, हे सरांनी सांगितलं असतं तर वहीतले आकडे थोडे हलके झाले असते.

आणि तरी भाव हवेतच. मेरिल लिंच या दलाली कंपनीच्या लुई एंगल यांना जाहिरातीसाठी साधी गोष्ट हवी होती: सामान्य शेअरांत पैसे ठेवणाऱ्याला आजवर सरासरी काय मिळालं? कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीनं शिकागो विद्यापीठाला ५०,००० डॉलर दिले. जेम्स लोरी आणि लॉरेन्स फिशर यांनी न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या सगळ्या सामान्य शेअरांचे १९२६ पासूनचे महिनाअखेरचे भाव जमा केले. विलीन झालेल्या, बुडालेल्या, यादीतून गेलेल्या कंपन्यांसकट. लाभांश, बोनस, विभागणी, सगळं जुळवून घेतलं. १९६४ मध्ये उत्तर छापून आलं: १९२६ ते १९६०, लाभांश पुन्हा गुंतवला आणि कर धरला नाही तर वर्षाला चक्रवाढ ९ टक्के. वर्गात मार्कोविट्झचं नाव सगळ्यांना पाठ असतं, लॉरेन्स फिशर यांचं कुणालाच नाही (पाठ्यपुस्तकवाले फिशर वेगळे). मला विचाराल तर या विषयाचा पाया फिशर यांनी घातला. बुडालेल्या कंपन्यांचे भाव शोधून काढण्याइतकं कंटाळवाणं काम नाही, आणि ते टाळलं तर पुढचं सगळं गणित खोटं.

नेमक्या त्याच सुमारास मुंबईत पदव्युत्तर व्यवस्थापन शिक्षण सुरू झालं. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठानं स्टॅनफर्डच्या सहकार्यानं चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था काढली. सूत्रं सुटसुटीत बांधलेली आली. आता त्यांत घालायला इथले आकडे हवे होते.

पहिला आकडा: रिस्क-फ्री रेट, म्हणजे काहीही धोका न घेता मिळणारं व्याज. धोक्यावरून परतावा सांगणारं शार्पचं समीकरण इथूनच सुरू होतं. पुस्तक सांगतं, सरकारच्या ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर घ्या. भारतात तो दर ४.६ टक्के होता. १९७४ च्या जुलैपासून ४.६. महागाई वाढो, बँकांचे दर वाढोत, दुष्काळ पडो, ४.६. तो बाजारानं ठरवलेला नव्हता. सरकारची तूट रिझर्व्ह बँकेकडून स्वस्तात भरून निघावी म्हणून तो तसा ठेवलेला होता. गल्लीतल्या बँकेत मुदत ठेव त्याहून बरंच जास्त देत होती. मग खरा धोकामुक्त दर कोणता? आमच्या वर्गात याच्यावर एक तास भांडण झालं. शेवटी सर म्हणाले, "मुदत ठेवीचा घ्या, आणि तळटीप द्या." ९१ दिवसांच्या बिलांचा लिलाव १९९३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हा कुठे तो आकडा हलू लागला.

दुसरा: नव्या शेअरची किंमत. ती दिल्लीतले कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ठरवून देत. परकीय चलनाच्या १९७३ च्या फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करावा लागला आणि त्यांचे शेअर अशा ठरवलेल्या स्वस्त भावात लोकांना मिळाले. ज्यांना लागले त्यांची चांदी झाली. त्या परताव्याला कौशल्य म्हणायचं की लॉटरी, हे सूत्र सांगत नाही.

तिसरा आकडा आमच्या घरातला. मराठी नोकरदार घरांत शेअर म्हणजे जुगार, पण यूटीआयची युनिटं म्हणजे सरकार. युनिट ट्रस्ट १९६४ मध्ये स्थापन झाला, त्याच वर्षी पहिली योजना आली, यूएस-६४. वडिलांनी माझ्या नावावरही घेतली होती. या योजनेची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः जाहीर करत असे. आतल्या शेअरांचा बाजारभाव वेगळाच असे. जाहीर किंमत मात्र ठरलेल्या चालीनं वर सरके. आता मार्कोविट्झच्या धोका-परताव्याच्या आलेखावर हे ठेवा: परतावा चांगला आणि चढउतार जवळजवळ शून्य. जगातली सर्वोत्तम गुंतवणूक! एका विद्यार्थ्यानं खरंच असा प्रकल्प केला होता आणि त्याची शिफारस होती की सगळे पैसे यूएस-६४ मध्ये घालावेत. त्याचं गणित बिनचूक होतं. २००१ च्या जुलैत ट्रस्टनं या योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली, तेव्हा वडील पेन्शनवर होते.

खराखुरा, माणसांच्या ओढाताणीतून घडलेला एक आकडा मात्र दलाल स्ट्रीटवर होता, आणि पुस्तकात त्याला जागाच नव्हती. बदला. शेअर घेतला पण पैसे नाहीत, तर व्यवहार पुढच्या वलणावर, म्हणजे फेडीच्या पुढच्या तारखेवर, ओढायचा आणि त्याचं भाडं मोजायचं. हे भाडं बाजाराच्या रिंगमध्ये ठरे. तेजीवाले जास्त असले तर घेणारा भरतो. मंदीवाल्यांनी हातात नसलेला माल विकून ठेवला असेल आणि माल मिळेनासा झाला तर उलट विकणाराच भरतो, तो उंधा बदला. सरकारनं १९६९ मध्ये वायदे बंद केले तरी व्यवहार थांबले नाहीत, आणि १९८३ पासून निवडक शेअरांपुरती ही पद्धत पुन्हा रीतसर झाली. मी प्रवेश घेतला त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात रिलायन्सच्या शेअरवर मंदीवाले असेच अडकले होते. एप्रिलअखेर डिलिव्हरी मागितली गेली, उंधा बदला भरमसाट मागण्यात आला आणि तडजोड होईपर्यंत बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. आमच्या बाकावर दलाल घराण्यातला एक मुलगा होता. तो सरांना म्हणाला, "सर, पुस्तकात लिहिलंय की कुणालाही एकाच दरानं हवं तेवढं उसनं मिळतं. आमच्या बाप्पांना सांगतो, खूश होतील." सगळे हसले. आम्हा नोकरदारांच्या मुलांना विनोद कळायला जरा वेळ लागला.

गंमत म्हणजे, १९७७ मध्ये शर्मा आणि केनेडी या दोन अभ्यासकांनी मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्कचे भाव ताडून पाहिले आणि निष्कर्ष काढला की मुंबईचे भावही इतर दोघांइतकेच स्वैर चालतात. उद्याचा भाव कालच्यावरून सांगता येत नाही. दलाल स्ट्रीटवर कुणी हे मान्य केलं नसतं, कारण प्रत्येकाकडे आतली बातमी असायचीच. पण दुय्यम बाजार, त्याच्या सगळ्या लबाड्यांसह, निदान आकडे घडवत होता.

'पोर्टफोलिओ मॅनेजमेंट' हे शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले ते १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरणात. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या शिलकी पैसा बँकांकडे 'पीएमएस' म्हणून देत. बँका ठरावीक परताव्याची हमी देत. पैसा दलालांमार्फत शेअरांत जाई. रिझर्व्ह बँकेनं आदल्याच वर्षी बजावलं होतं की या योजनेत आधी ठरवलेला परतावा देऊ नका, धोका गिऱ्हाइकाचा असू द्या. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या जानकीरामन समितीचे अहवाल मी तेव्हा वर्गात नेले. ज्या व्यवहारात परतावा आधीच ठरलेला आहे त्यात व्यवस्थापन कशाचं करायचं, हा प्रश्न त्या वर्षी लेखी परीक्षेत घातला होता. सगळ्यांत चांगलं उत्तर बँकेत काम करून रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंचं होतं. तीन ओळींचं, आणि छापण्याजोगं नाही.

पुढचं भराभर घडलं. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला १९९२ मध्ये कायद्याचं बळ आलं, त्याच वर्षी कंट्रोलरचं कार्यालय गेलं. १९९३ च्या जानेवारीत पोर्टफोलिओ मॅनेजरांचे नियम आले, आणि त्यांत परताव्याची हमी देण्यास बंदी होती. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार, १९९५ मध्ये मुंबईची रिंग संपून पडद्यावरचा बोल्ट, १९९६ मध्ये डिमॅट, २००१ मध्ये बदला कायमचा बंद. सीएमआयईच्या प्रोवेसमध्ये बोनस जुळवलेले भाव मिळू लागले आणि फायलींतली धूळ संपली. बारुआ, रघुनाथन आणि वर्मा यांचं भारतीय उदाहरणांचं पुस्तक, प्रसन्न चंद्रांचं पाठ्यपुस्तक, यांनी फिशर-जॉर्डनची जागा घेतली. आता तर हा विषय नुसता शिकवायचा राहिला नाही, सक्तीचा झाला: २०२० च्या नियमांनुसार पोर्टफोलिओ मॅनेजरच्या मुख्य अधिकाऱ्याकडे पात्रता आणि सेबीच्या एनआयएसएम या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, आणि गिऱ्हाइकाकडे किमान ५० लाख. एनआयएसएमचा परिसर रसायनीजवळ पाताळगंगेला आहे. तिथे सिक्युरिटीज मार्केटचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. मुलं दहा वर्षांचे भाव चार ओळींच्या प्रोग्रॅमनं उतरवतात.

उतरवलेल्या भावांत बुडालेल्या किंवा यादीतून गेलेल्या कंपन्या सहसा नसतात. सेन्सेक्सच्या पहिल्या यादीत सेंच्युरी, बॉम्बे डाइंग, मुकुंद, प्रीमियर ऑटोमोबाइल्स होत्या. आजच्या तीस कंपन्यांचा मागचा परतावा काढून 'शेअर बाजार इतकं देतो' म्हणणाऱ्या मुलाला मी आधी ती यादी हातात देते, मग लोरी-फिशरचा लेख.

२३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटननं सहा डेट योजना गुंडाळल्या, सुमारे २५,००० कोटींच्या. पुढे गुंतवणूकदारांना टप्प्याटप्प्यानं पैसे मिळाले, पण त्या आठवड्यात ते कुणाला ठाऊक होतं? टाळेबंदी होती, तास ऑनलाइन. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कालपर्यंत एनएव्ही रोज येत होता, आलेख अगदी सरळ आहे." एनएव्ही, म्हणजे योजनेच्या एका युनिटची ती रोजची किंमत, कशी येते ते मी त्यांना शोधायला लावलं. ज्या रोख्यांचे व्यवहारच होत नाहीत त्यांची किंमत मूल्यांकन करणाऱ्या संस्था श्रेणी आणि मुदत पाहून काढून देतात. तेव्हापासून दर वर्षी एक काम ठेवलंय: कुठल्याही एका डेट योजनेची महिन्याची यादी घ्या आणि प्रत्येक रोख्यापुढे त्या महिन्यात तो खरोखर ज्या भावाला विकला गेला तो लिहा. बरेच रकाने कोरे येतात. मुलं विचारतात, मॅडम, कोऱ्या जागी काय धरायचं? मी सांगते, सूत्राला आकडा हवाच असेल तर घाला, पण तो कुणी ठरवला त्याचं नाव शेजारी लिहा.